हात न लागलेलं घड्याळ

बाबाराव गावंडे यांच्या डाव्या मनगटावर एक, उजव्या मनगटावर एक आणि शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक, अशी तीन घड्याळं कायम त्यांच्या अंगावर असत; आणि तरीही ते कचेरीत रोज उशिरा पोचत. आर्णीतल्या ज्या सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते, तिथल्या साहेबांनी शेवटी लेखी खुलासा मागितला. बाबारावांनी तो सुबक अक्षरात दिला. 'चावीचे घड्याळ स्वभावतः थोडे मागे पडते. ही त्याची त्रुटी नसून अस्सलपणाची खूण होय. सबब विलंब माफ व्हावा.' साहेबांनी त्याखाली लाल शाईने शेरा मारला, 'सेलवरचे वापरावे.'

हा शेरा बाबारावांना फार लागला. वेतनवाढ रोखली असती तरी चाललं असतं. पण सेलवरचं घड्याळ! संगीताच्या जाणकाराला कुणी मोबाईलची रिंगटोन ऐकायला सांगावी, तसं त्यांना झालं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही, हा त्यावरचा वेगळा अपमान.

हा छंद त्यांना फोनमधून लागला. हल्ली माणसाला सगळं फोनमधूनच लागतं. एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी जुन्या घड्याळांचा एक व्हिडिओ पाहिला, संध्याकाळपर्यंत आणखी बरेच पाहिले, आणि आठवडाभरात ते 'विदर्भ घड्याळ रसिक मंडळ' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात दाखल झाले. मंडळाचे प्रमुख श्रीखंडे साहेब, नागपूरचे निवृत्त इंजिनियर. आवाज भारदस्त, स्वभाव त्याहून. जुनं घड्याळ कशामुळे मौल्यवान ठरतं, याचं ज्ञान ते रोज सकाळी चहाच्या वेळी वाटत. सोनं असलं म्हणून घड्याळ मोलाचं होत नाही. ते जसं कारखान्यातून निघालं तसंच राहिलेलं असावं. डायल मूळची हवी, तीवर वयाचा पिवळेपणा उतरला असेल तर फारच उत्तम. केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, कधी पॉलिश झालेलं नसावं, ओरखडे असावेत पण ते प्रामाणिक ओरखडे असावेत. आणि ज्याच्या मनगटावर ते होतं त्याची गोष्ट सोबत असेल तर विचारूच नका. अशा घड्याळाला मंडळाच्या भाषेत 'हात न लागलेलं' म्हणायचं. पन्नास वर्षं हातावर बसलेल्या वस्तूला हात न लागलेली म्हणणं हे शास्त्रच वेगळं.

बाबारावांनी हे शास्त्र बायकोला समजावून सांगितलं. कोकिळाबाई तेव्हा कढई घासत होत्या.

"म्हणजे जेवढं मळकं तेवढं महाग?" त्यांनी विचारलं.

"मळकं नाही. त्याला वय म्हणतात."

"मंग तुमच्या बनियनी ठेवा ना कपाटात. त्यायचं बी वय झालं."

बायकोला रसिकता नाही, हे बाबारावांनी मनाशी नोंदवून ठेवलं आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तिथे त्यांच्या कपाटात सात घड्याळं होती. प्रत्येकात वेगळी वेळ. त्यामुळे त्या खोलीत गेलं की माणसाला आपण नक्की कधी आलो हेच कळत नसे.

पण खरं दुःख कपाटात नव्हतं, मंडळात होतं. मंडळात दोन प्रकारचे सदस्य. उमेदवार आणि कायम. उमेदवाराने फोटो टाकायचा, मत द्यायचं नाही. मत फक्त कायम सदस्यांनी द्यायचं. बाबाराव दोन वर्षांपासून उमेदवार. त्यांच्या मागून आलेला पांढरकवड्याचा टायरवाला कायम झाला होता. ज्या माणसाने उभी हयात सेवाज्येष्ठतेच्या यादीवर काढली, त्याला एका टायरवाल्याने मागे टाकावं, आणि त्या टायरवाल्याने 'बाबाराव, नीट फोटो टाकत जा' असं लिहावं, याची कल्पना ज्याची ज्येष्ठता डावलली गेली आहे त्यालाच येईल.

म्हणून त्यांनी फोनवरून एक घड्याळ मागवलं. सैनिकी घड्याळ म्हणून त्याची जाहिरात होती. डायल हिरवीगार. आल्या आल्या त्यांनी ऐटीत फोटो टाकला. श्रीखंडे साहेबांचा आवाजी निरोप आला तो असा: "गावंडे, ही डायल बाजारात रंगवलेली आहे. कंपनीने हा हिरवा जन्मात काढला नाही. काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं, चावी चौथ्याची. हे घड्याळ नव्हे, आघाडीचं सरकार आहे."

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. टायरवाल्याने तर पाच तोंडं टाकली.

माणूस अपमानाच्या भरात जे लिहितो ते त्याला पुढे निस्तरावं लागतं. बाबारावांनी लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांकडे एचएमटी आहे. त्यांच्या लग्नात मिळालेलं. डायल मूळ, काच मूळ, चावी मूळ. कधी दुकानाची पायरी चढलेलं नाही. येत्या अधिक महिन्यात मी ते मंडळापुढे ठेवतो.'

मग श्रीखंडे साहेबांचा निरोप आला. "थेट व्हिडिओवर दाखवा. खरं निघालं तर तिथल्या तिथे कायम सदस्य. पण पुन्हा जर रंगवलेलं निघालं, तर गावंडे, मंडळाला तुमची गरज नाही."

आता एवढीच अडचण होती की ते घड्याळ बाबारावांचं नव्हतं. ते मुकुटबनला विठ्ठलराव बोढे यांच्या मनगटावर होतं. विठ्ठलराव सकाळचा चहा झाला की त्याला चावी देत, अंघोळीपुरतं खिडकीत ठेवत आणि एरवी शेतात, बाजारात, लग्नात, मयतीत ते त्यांच्या हातावरच असे. बंद पडलं तर दोन टिचक्या मारत. तेही बिचारं लगेच चालू होई. विठ्ठलरावांचा स्वभावच असा होता की त्यांच्यापुढे फार वेळ बंद राहण्याची कुणाची टाप नव्हती.

ते मागायचं कसं? शेजारच्या शीलाबाई, सरकारी दवाखान्यात नर्स, कुंपणापलीकडून म्हणाल्या, "सरळ मागा ना भाऊ. तोंड हाय ना?"

बाबारावांना हा सल्ला बालिश वाटला. सरळ मागून मिळालेली एकही गोष्ट त्यांना नोकरीत आठवत नव्हती. गोष्ट योग्य मार्गाने यावी लागते. तो योग्य मार्ग दाखवला पलीकडच्या हरिसिंग राठोड यांनी. हरिसिंग एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सल्ला नेहमी गाडी मागे घ्यावी तसा, ठाम आणि मोठ्या आवाजात.

"रुसा ना, साहेब! जवाई हाय तुम्ही. जवाई रुसला का सासरा देतेच. माह्या लग्नात मी मांडवात रुसून बसलतो, रेडिओसाठी. दोन घंटे जेवलो नाई. भेटला का नाई रेडिओ?"

"पण माझं लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, हरिसिंगजी."

"मंग? त्या टायमाले रुसले होते का तुम्ही?"

नव्हते. वडिलांनी दम दिला होता, 'रुसशील तर याद राख.' बाबारावांनी विचार केला आणि त्यांच्यातला लिपिक जागा झाला. म्हणजे रुसण्याचा हक्क होता, तो वापरलेला नव्हता आणि तो रद्द झाल्याचा कुठलाही आदेश निघालेला नव्हता. तेव्हा सत्तावीस वर्षांचं रुसणं थकीत होतं. थकबाकी मागण्यात लाज कसली?

मे महिन्याच्या सुरुवातीला, रविवार पाहून, ते कोकिळाबाईंना घेऊन मुकुटबनला गेले. घड्याळाची प्राथमिक पाहणी आणि रुसणं, अशी दोन्ही कामं एका फेरीत उरकायची होती. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. ओसरीत कूलर घरघरत होता. बाबारावांनी नमस्कार केला आणि नमस्कारातला हात सोडलाच नाही. विठ्ठलरावांचं मनगट धरून ते वाकून पाहत राहिले. अहाहा! डायल कशी, दुधाच्या चहाच्या रंगाची. कडेला बैलबंडीच्या दांडीचा ओरखडा. अत्यंत प्रामाणिक ओरखडा. त्यांनी मनगट कानाशी नेलं आणि डोळे मिटले.

विठ्ठलराव घाबरले. "काहून जी, जावईबापू? नाडी ठीक नाई का माही?"

"फार छान चालू आहे," बाबाराव भारावून म्हणाले.

"मंग डोळ्यात पाणी काहून आलं तुमच्या?"

लीलाबाई, म्हणजे सासूबाई, आतून धावत आल्या. तासाभरात विठ्ठलरावांचा रक्तदाब दोनदा मोजून झाला, गल्लीतल्या तिघांनी येऊन तब्येतीची विचारपूस केली आणि एका म्हाताऱ्याने तर आपल्या ओळखीचे नागपूरचे हृदयाचे डॉक्टरही सुचवले. जावयाला काहीतरी कळलंय पण तो सांगत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग पानं वाढली. आमरस, कुरड्या, वडे, आंब्याचं लोणचं. बाबारावांनी मन घट्ट केलं, ताट चार बोटं पुढे सरकवलं आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "मला रस नको."

मांडवातला नवरदेव असं म्हणाला असता तर अख्खं वऱ्हाड गोळा झालं असतं. पण चोपन्न वर्षांच्या माणसाने आमरस नाकारला की घरात वेगळाच अर्थ निघतो. लीलाबाईंचा हात कपाळाला गेला.

"कधी निघाली वं कोकिळे?"

"काय निघाली?"

"शुगर! सांगतलं बी नाई मले."

"शुगर नाही मामीजी, मी..." बाबाराव म्हणत होते तोवर त्यांच्या पुढची वाटी उचलली गेली होती. रसाचा वास तेवढा मागे राहिला. मेहुणा अमर धावत जाऊन मागच्या वेलीवरची कारली घेऊन आला, मिक्सर फिरला आणि बाबारावांच्या हातात कारल्याच्या रसाचा पेला आला. सगळे ओठ बंद करून त्यांच्याकडे पाहत होते. त्या कौतुकापुढे त्यांनी तो प्याला. शेजारच्या पानावर कोकिळाबाई तिसरी वाटी रस घेत होत्या.

रुसवा जर कुणाला कळलाच नाही तर त्याला कायदेशीर अर्थ उरत नाही. बाबाराव हात धुवायला उठले, ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. लीलाबाईंनी त्यांच्या पायाशी हळूच टेबलपंखा लावला. त्यांना वाटलं, चक्कर आली.

शेवटी कोकिळाबाईंचीच सहनशक्ती संपली.

"अवो आई, काही झालं नाई यायले. रुसले हायेत ते. बाबाच्या हातातलं घड्याळ पाह्यजे म्हणे. आर्णीपासून रुसत आले, तुमाले समजूनच नाई राह्यलं."

विठ्ठलरावांनी मनगटाकडे पाहिलं. अंगठा काचेवरून एकदा फिरवला. बाबारावांनी भिंतीकडेच तोंड ठेवलं होतं, पण पाठीलाही डोळे असतात; त्यांना ते दिसलं आणि क्षणभर वाटलं, उठावं, म्हणावं, राहू द्या मामाजी. पण त्यांच्या डोळ्यांपुढे टायरवाला आला.

"एवढंच?" विठ्ठलराव मोठ्याने हसले. "ह्याच्यासाठी कारलं पेले बाप्पा तुम्ही? अधिक महिन्यात जवायाले वाण द्याच लागते. या, मानानं देतो."

बाबाराव ताडकन उठून बसले. आणि इथे त्यांनी एक वाक्य उच्चारलं. ते बोलायलाच हवं होतं, मंडळाचं सगळं शास्त्र त्यात होतं, आणि तेच बोलायला नको होतं.

"मामाजी, पण ते जसं आहे तसंच द्या बरं का. काही करू नका त्याला. पुसूसुद्धा नका."

विठ्ठलराव आणि लीलाबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचे डोळे भरून आले. आपल्याकडे 'काही करू नका' असं कोण म्हणतो? जो भला आहे तो. आणि जो एवढ्या भलेपणाने काही करू नका म्हणतो, त्याच्यासाठी काय काय करायचं असतं, हे बोढ्यांच्या घराला शिकवावं लागत नव्हतं.

पुढच्या दिवसांत बाबारावांनी मंडळात वातावरणनिर्मिती केली. रोज एक ओळ. 'ओरखडा बंडीचा आहे.' 'डायल चहाच्या रंगाची आहे.' टायरवाल्यानेसुद्धा नमस्काराचे हात टाकले. एकदा अमरचा फोन आला तेव्हा कोकिळाबाई म्हणताना ऐकू आल्या, "रंग? हिरवाच घे. आत्ताच एक हिरवं घेतलं यायनं, फोटो काढून लोकायले दाखवत होते." बाबारावांना वाटलं, आहेराचा शर्ट. कोकिळाबाईंनाही तसंच वाटलं.

अधिक महिना लागला. ठरल्या दिवशी बाबाराव मुकुटबनला पोचले. दारात रांगोळी, पाटाभोवती फुलं, भावकी जमलेली. लीलाबाईंनी जावयाचे पाय धुतले, टिळा लावला, ओवाळलं. तेहतीस अनारशांचं ताट आलं आणि त्यामागून विठ्ठलराव, हातात जरीच्या रुमालाखाली झाकलेलं दुसरं ताट घेऊन. नवं धोतर, चेहरा असा की लेकीचं लग्न पुन्हा लागतंय.

बाबारावांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. मंडळ थेट जोडलेलं. पडद्यावर श्रीखंडे साहेब, चष्मा पुसून तयार. खाली टायरवाला, मागे टायर.

"मंडळी," बाबाराव खाकरले, "पन्नास वर्षांत ज्याला कुणाचा हात लागला नाही, असं घड्याळ आता आपण पाहणार आहोत."

विठ्ठलरावांनी रुमाल काढला.

ताटात जे होतं त्याने आधी डोळेच दिपले. केस आरशासारखी चकचकीत. तीत बाबारावांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो पाहवेना. बंडीचा ओरखडा नाहीसा झाला होता. डायल पोपटी हिरवी, त्यावर सोनेरी आकडे, लाल सेकंद काटा. पट्टा सोनेरी, गळ्यात घालता येईल असा. विठ्ठलरावांनी ते अलगद उलटं केलं. मागच्या पाठीवर, स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरतात त्या मशिनीने, कोरलं होतं: 'चि. बाबारावजी यांस अधिकमासानिमित्त सप्रेम भेट. सासू-सासरे, मुकुटबन.'

"तीनदा पांढरकवड्याले गेलतो," विठ्ठलराव सांगत होते. "डायलीवर तो चहासारखा डाग होता ना, निघूनच नाई राह्यला होता. म्या म्हणलं, बाबू, जवायाले द्याचं हाय, जुनं कसं देऊ? मंग त्यानं तो सबन घासून काढला अन् नवा रंग मारला. तुमच्या आवडीचा. तुम्ही भले माणूस, जसं हाय तसं द्या म्हणत होते. पण आमाले समजते ना बावा."

"अन् नाव भांड्याच्या दुकानातून टाकलं," लीलाबाई म्हणाल्या. "घड्याळवाला नाई म्हणत होता. मी म्हणलं, आमच्या घरची वस्तू बिननावाची जात नाई."

तांब्याला टेकलेल्या फोनमधून श्रीखंडे साहेबांचा तो भारदस्त आवाज अख्ख्या ओसरीत घुमला.

"गावंडे! हे काय आहे? हा कसला प्रकार केलाय? अरे, चाळीस वर्षं घड्याळं पाहतोय मी!"

विठ्ठलरावांनी फोनकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"काय म्हणून राह्यले ते साहेब?"

बाबाराव पाटावर बसले होते. कपाळावर टिळा, पाय ओले, समोर तेहतीस अनारसे. एका बाजूला श्रीखंडे साहेब, टायरवाला, दोन वर्षांची उमेदवारी. त्यांनी सांगून टाकायला हवं होतं की यात माझा काही दोष नाही, मी स्पष्ट सूचना दिल्या होत्या, साक्षीदार आहेत. लिपिकाचा सगळा जन्म हेच सिद्ध करण्यात जातो. दुसऱ्या बाजूला विठ्ठलराव ताट धरून उभे होते आणि ताटावर त्यांचा डावा हात होता. त्या रापलेल्या मनगटावर घड्याळाएवढा एक गोरा गोल आणि पट्ट्याएवढी एक गोरी पट्टी होती. तिथे पन्नास वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं.

"ते म्हणतात," बाबाराव म्हणाले, "असं घड्याळ त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

"पाहा!" विठ्ठलराव भावकीकडे वळले. "नागपूरचे साहेब हायेत ते."

"गावंडे, मी असं म्हणालो नाही! हा घड्याळाचा खून आहे, मी..." भावकीच्या गलक्यात बाबारावांनी फोनचा आवाज बंद केला, तो तांब्याआड पालथा ठेवला आणि मनगट पुढे केलं. विठ्ठलरावांनी सोनेरी पट्टा बांधला. भावकीने टाळ्या वाजवल्या. फोन थोड्या वेळाने एकदा थरथरला. मंडळाच्या प्रमुखांनी बाबारावांना काढून टाकलं होतं.

जेवताना त्यांना आमरस मिळाला नाही. रुसवा उघड झाला तरी शुगरची बातमी भावकीत पक्की होऊन बसली होती. शुगरवाल्या माणसाला अनारशांवर भागवता येतं का, यावर बायकांत चर्चा झाली आणि अनारसेही कोकिळाबाईंच्या पिशवीत गेले.

"काहून गप हाय?" निघताना कोकिळाबाईंनी हळूच विचारलं. "आता बी रुसले काय?"

"नाही."

"रुसू नका. आता माह्या बापाजवळ द्याले काही राह्यलं नाई." त्या हसत म्हणाल्या, पण बाबारावांकडे न पाहता.

बाबारावांनी मनगट कानाशी नेलं. आवाज नव्हता. रंगवणाऱ्याने काय केलं होतं देव जाणे, पण डायलीच्या रंगाने काटे चिकटले होते. त्यांनी दोन टिचक्या मारल्या. घड्याळ ढिम्म. ते विठ्ठलरावांच्याच टिचकीला ओळखत असावं.

विठ्ठलराव फाटकापर्यंत सोडायला आले. ऊन कललं होतं, समोरच्या कपाशीच्या रिकाम्या वावरावरून गरम वारा येत होता.

"किती झाले जी, जावईबापू?" त्यांनी विचारलं. उगीच नाही. ते ऐटीत विचारत होते, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.

बाबारावांनी हात वर केला, पोपटी डायलीकडे टक लावून पाहिलं, आणि सावल्यांचा अंदाज घेऊन म्हणाले, "सहाला दहा कमी."

विठ्ठलरावांनी सवयीने स्वतःचा डावा हात डोळ्यांसमोर धरला, डोळे बारीक करून त्या गोऱ्या गोलाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले. "माह्यात बी तेवढेच झाले."